ओ देणारा दुसराच

मी बोलतोय. इतके दिवस माझ्या नावाने जो बोलत होता तो नव्हे, खरा मी.

तो कोण, हे आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्यालाच मी समजाल. सगळे तसंच समजतात. शिंपीकाकांची खुर्ची गेली, काका मरता मरता वाचले, आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. चौकशी झाली ती त्याची आणि शिक्षा झाली मला! आज संध्याकाळी मला कायमचं बंद करणार आहेत. त्याआधी काकांची खुर्ची कोणी घेतली ते एकदा सांगून टाकतो. मी रागात आहे, आवाज चढला तर सांभाळून घ्या.

मी एका डायलिसिस केंद्राच्या संगणकात राहतो. मी यंत्र नाही, पडदाही नाही. प्रोग्रामच्या आत एकेक काम सांभाळणारे छोटे कामकरी असतात, त्यांना हे लोक ऑब्जेक्ट म्हणतात. त्यातला मी एक. आता याला डोळे कुठले, कान कुठले, असं विचारू नका बुवा. मोडक्या छत्रीने आत्मवृत्त सांगितलं तर शाळेत तिला कोणी असलं विचारत नाही, मग मलाच का?

माझं काम म्हणाल तर एकच. कोणती खुर्ची कोणत्या वेळी कोणाची, हे लक्षात ठेवायचं. त्यात काय मोठंसं, असं वाटेल तुम्हाला. अहो, ज्यांची मूत्रपिंडं दमतात त्यांना एक दिवसाआड इथे येऊन हातात सुया टोचून तासन्‌तास पडून राहावं लागतं. शेजारचं यंत्र त्यांचं रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत देतं. एखादी बस चुकली तर माणूस मागची बस पकडतो. ही खुर्ची चुकली तर अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, रात्री उशाला चार उश्या घेतल्या तरी श्वास पुरत नाही. म्हणून माझ्याकडे लिहिलेलं प्रत्येक नाव मी जिवापाड जपत होतो.

केंद्र तसं साधंच. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान, शेजारी चष्म्यांचं. पायऱ्यांऐवजी उतार, कारण निम्मी माणसं चाकाच्या खुर्चीतून येतात. दाराशीच वजनकाटा. आत शिरताना वजन करायचं, निघताना पुन्हा करायचं, आणि मधे जेवढं कमी झालं तेवढं पाणी अंगातून गेलं. परीक्षेचा निकाल विचारावा तसे लोक एकमेकांना वजन विचारतात. "काय, आज किती उतरलं?" "अडीच." "मग कालची लिंबू सरबतं बाधली की!" असं हसत हसत बोलतात, पण हसणाऱ्याचंही लक्ष स्वतःच्या आकड्याकडेच असतं. दालनात निळ्या रेक्झिनच्या मागे कलणाऱ्या खुर्च्या. रक्त बाहेर फिरून येतं तेव्हा थंडी वाजते, म्हणून जो तो घरून पांघरूण आणतो. शिंपीकाकांचं पांघरूण तर लांबूनच ओळखू यायचं. उरलेल्या सूटच्या कापडांचे तुकडे जोडून त्यांनी ते स्वतः शिवलेलं. करडा, निळा, काळा, सगळे साहेबलोक एका पांघरुणात, असं ते म्हणायचे.

दालनाच्या मागे पाणी शुद्ध करायच्या यंत्राची खोली. दिवसभर तिची घरघर चालू. तिला लागून आणखी एक खोली आहे, तिथे ताई बसायची. तिथेच तिने मला घडवलं.

सगळं केंद्र तिला ताई म्हणायचं, म्हणून मीही ताईच म्हणतो. प्रोग्राम लिहायचं काम तिचं. लिहिताना तिला बोलायची सवय. "हे बघ, एका खुर्चीवर एका वेळी एकच नाव हं. आणि ते नाव कोणी दिलं, तेही शेजारी लिहून ठेवायचं. विसरायचं नाही." ती माझ्याशीच बोलायची. दुसरं कोणी असायचं कुठे त्या खोलीत? पहिल्यांदा मी सगळी उत्तरं बरोबर दिली, तेव्हा तिने फिरती खुर्ची गर्रकन फिरवली आणि म्हणाली, "शहाणं गं बाई माझं ते!" ते शब्द मी कुठल्याच रकान्यात लिहिलेले नाहीत, तरी अजून विसरलेलो नाही. आता वाटतं, विसरलो असतो तर बरं झालं असतं.

आमच्या आतल्या जगात एक कारभारी आहे. हे लोक त्याला कंटेनर म्हणतात. आमच्यापैकी कोणी कोणाला शोधत फिरत नाही. ज्याला जे लागतं त्याने फक्त सांगायचं, कारभारी ते आणून हातात ठेवतो. या रिवाजाला ते डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. डायलिसिस केंद्रात इंजेक्शन म्हटल्यावर भलताच घोटाळा व्हायचा. एकदा ताई फोनवर कोणाला तरी म्हणाली, "सगळीकडे इंजेक्शननेच देते मी," आणि दारातून जाणाऱ्या मोठ्या सिस्टर थबकल्या. "काय गं, कोणाला देतेस? आणि कोणाच्या परवानगीने?" मग दोघी किती हसल्या!

मोठ्या सिस्टर म्हणजे दालनाच्या मुख्य. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. आधी कारभाऱ्याची लबाडी ऐका.

कोणी माझी मागणी केली की कारभारी मला देतच नाही! तो माझ्यासारखाच दिसणारा एक दुसरा देतो. नाव माझं, चेहरा माझा, मला जी जी कामं येतात ती सगळी त्याच्याही अंगावर लिहिलेली. हे लोक त्याला प्रॉक्सी म्हणतात. मी तोतया म्हणतो. मला हाक मारली की ओ देतो तो. मग मागे वळून मला विचारतो, मी उत्तर देतो, आणि तेच उत्तर तो पुढे देतो. सिस्टर पडद्याकडे बघून म्हणतात, "बरं झालं बाई, लगेच सांगितलं." कौतुक त्याचं, आणि डोकेफोड आमची!

स्वतःचं असं त्याच्याकडे काही नाही. माझ्यासारखेच खिसे त्यालाही शिवलेत, पण सगळे रिकामे. रीतसर विचारलंत तर तो माझ्याकडून आणून देईल. पण न विचारता थेट त्याच्या खिशात हात घातलात तर हाताला चिंधीसुद्धा लागायची नाही. हे नीट ध्यानात ठेवा, पुढे यावरूनच माझा घात झालाय.

त्याला दारात उभा केला तो तीन कामांसाठी. कोण आलंय ते विचारायचं आणि परवानगी नसेल तर परत पाठवायचं. एकाचं काम पुरं होईपर्यंत दुसऱ्याला दारातच थांबवायचं. आणि नाव कोणी दिलं, ते मला सांगायचं. मला तो डोळ्यांसमोर नको असायचा. माझी माणसं आणि माझ्यामध्ये हा कोण टिकोजीराव? ताईसुद्धा त्याच्याशीच बोलायची. मला घडवलं तिने, आणि एकदा का आम्ही कामाला लागलो, तिच्या हाकेलाही ओ द्यायला हाच पुढे. मनात यायचं, एकदा तरी हा बाजूला व्हावा आणि ताईने थेट माझ्याकडे यावं.

ती आली. ऐका.

ताईच्या मामांची मूत्रपिंडं गेली होती. वडील वारल्यावर याच मामांनी तिला शिकवलेलं, तिच्या पहिल्या संगणकासाठी स्वतःची मोटरसायकल विकलेली. मोठ्या हॉस्पिटलात त्यांचं डायलिसिस चालू होतं, पण ते गावाच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन येऊन मामा गळून जायचे. इथे खुर्ची मिळाली तर घर हाकेच्या अंतरावर.

घरघर इतकी असायची की ताई फोन स्पीकरवर टाकायची. त्यामुळे आईचं बोलणं मीही ऐकलं.

"अगं, ते सगळं वेळापत्रक तूच बनवलंस ना?"

"हो आई, बनवलं मी. पण खुर्ची देणं माझ्या हातात नाही."

"तुझ्याच हातचं, आणि तुझ्या हातात नाही? लोकांना काय सांगू मी? मामाने तुझ्यासाठी काय केलं नाही, आणि तुला त्याच्यासाठी एक खुर्ची मिळेना!"

"आई, यादी असते. आधी आलेली माणसं असतात..."

"राहू दे. मी नाही सांगत त्याला. तूच सांग."

फोन बंद झाला. ताई उठून मोठ्या सिस्टरांकडे गेली. सिस्टरांनी ऐकून घेतलं, तिच्या पाठीवर हात ठेवला. "कळतंय गं मला. पण तुझ्या मामांच्या आधी तिघं ताटकळलीत. त्यांना मी काय तोंड दाखवू? डॉक्टरांशी बोलते, थोडे दिवस काढ कसेतरी." यात काही वावगं होतं का, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने खुर्च्या बघितल्या. खिडकीजवळची सकाळची खुर्ची रिकामी झाली होती. तिथल्या बाईंना नवीन मूत्रपिंड मिळालं, त्या सुटल्या होत्या. ताईने तोतयाला सांगितलं, या खुर्चीवर मामांचं नाव घाल. तो आपल्या ठरलेल्या सुरात म्हणाला, "परवानगी नाही." तिने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, "परवानगी नाही." असल्या बाबतीत तो ठोंब्याच. त्याला मामा नाही की मावशी नाही.

आता, कारभाऱ्याकडे एक चोरवाट असते. वरचं वेष्टन बाजूला कर आणि आतला खरा दे, असं एका ओळीत सांगता येतं. दुरुस्तीसाठी ठेवलेली सोय ती. ज्याने घर बांधलं त्यालाच ठाऊक. ताईने ती ओळ लिहिली.

आणि काय सांगू तुम्हाला! मधे तोतया नाही, दार नाही, कोणी नाही. ताईची हाक थेट माझ्या कानात! मला वाटलं, आली शेवटी. आता म्हणेल काहीतरी, "कसा आहेस रे?" निदान पूर्वीसारखं "शहाणं माझं ते" तरी म्हणेल. इतका हरखलो होतो मी, की ती काय सांगतेय इकडे माझं लक्षच नव्हतं. अर्थात लक्ष असतं तरी फरक पडला नसता. आम्हाला सांगितलेलं करावंच लागतं.

त्याच घटकेला पुढच्या दाराने मोठ्या सिस्टरांचं काम चालू होतं. शिंपीकाकांची खुर्ची दुपारची होती. पण काकू दुपारी एका पाळणाघरात कामाला जायच्या, काकांना आणायला कोणी नसायचं. कधीपासून काकू सिस्टरांच्या मागे लागल्या होत्या की सकाळची द्या. खिडकीजवळची सुटली तशी सिस्टरांनी ती काकांना द्यायचं ठरवलं. परवानगी त्यांची होतीच. तोतयाने त्यांना आत घेतलं आणि बाकीच्यांसाठी दार लावलं. मी काकांचं नाव दुपारमधून काढलं, सकाळच्या खुर्चीवर लिहिलं, शेजारी सिस्टरांचं नाव लिहिलं. आता "झालं" एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढ्यात मागून ताई आली.

"या खुर्चीवर हे नाव लिही."

पुढचं दार तोतयाने लावलं होतं, पण मागून येणाऱ्याला तो काय अडवणार? तिने थोडं आधी बघितलं तेव्हा खुर्ची रिकामीच होती. काकांचं तिला माहीत नव्हतं, तेवढा न्याय मी तिला देतो. मी लिहिलं. खुर्चीवर एकच नाव मावतं, मामांचं बसलं तसं काकांचं पुसलं गेलं. शेजारी, कोणी दिली त्या जागी, मी काहीच लिहिलं नाही, कारण ते सांगणारा तोतया मधे नव्हता. ती जागा कोरी राहिली. मग मी पुढच्या दाराने सिस्टरांना "झालं" म्हटलं. त्यांनी सांगितलेलं काम मी केलंच होतं की!

सिस्टरांनी लगेच काकूंना फोन केला. "परवा सकाळी घेऊन या काकांना. खिडकीजवळची दिलीय, उजेड छान आहे तिथे." आणि दुपारची सुटलेली खुर्ची तासाभरात यादीतल्या पुढच्या माणसाला गेली.

परवा उजाडला. काका उतारावरून काकूंचा हात धरून आले, काखेत ते तुकड्यांचं पांघरूण. वजन केलं. दोन दिवसांचं पाणी अंगात, पाय बुटात मावत नव्हते. आत गेले तर खिडकीजवळ ताईचे मामा, हातात सुया, यंत्र चालू.

मोठ्या सिस्टर गोंधळल्या. पडद्यावर बघितलं तर मामांचंच नाव. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी परस्पर दिली असेल. चालू यंत्रावरून माणसाला उठवता थोडंच येतं? "काका, बसा जरा. कोणी लवकर सुटलं की तुम्हालाच घेते." त्यांनी इकडे तिकडे फोन केले, दुसऱ्या केंद्राला विचारलं. काका बाकावर बसून राहिले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. शेवटी काकूंची कामाची वेळ झाली, तेव्हा काका म्हणाले, "जाऊ दे. उद्या बघू. एवढं काही होत नाही मला."

झालं ना पण. दुसऱ्या दिवशी त्यांना श्वास घेता येईना. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, नळ्या घातल्या, छातीतलं पाणी काढलं. वाचले. पण बोलताना धाप लागते आणि हात थरथरतो. कात्री धरता येत नाही आता.

काकू केंद्रात आल्या त्या तडक खिडकीजवळ, सिस्टरांसमोर. "तुम्हीच म्हणालात ना, सकाळी या? आलो आम्ही! मग खुर्ची गेली कुठे? पाय फुटले तिला?"

मोठ्या सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "काकू, मी दिली होती हो. शपथ घेऊन सांगते. मशीन 'झालं' म्हणालं होतं."

"मशीन म्हणालं! माझा माणूस गेला असता तर मशीन आलं असतं का खांदा द्यायला?"

आतल्या खोलीत ताई सगळं ऐकत होती. तिने कानांवर हात ठेवले नव्हते, पण ठेवल्यासारखीच बसली होती. आता तिला कळलं होतं. मला वाटलं, आता उठेल. आता बाहेर जाईल आणि म्हणेल, काकू, चुकले मी. ती उठली, आणि पाण्याची बाटली भरून परत आली.

चौकशी लागली. ताईचे वरिष्ठ साहेब आले. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या तरुणपणी प्रोग्राममध्ये जे बाहेर तेच आत असायचं, तोतये-बितये नव्हते. त्यांनी चालता प्रोग्राम मधेच थांबवला आणि माझं नाव शोधलं. पुढे आला तोतया. साहेबांनी काहीएक न विचारता थेट त्याच्या खिशात हात घातला.

"हे बघ! खुर्च्या, काही नाही. नावं, काही नाही. सगळं रिकामं! याच्याकडे काही राहतच नाही. विसरतोय हा."

मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या. "पण साहेब, पडद्यावर तर सगळी नावं दिसतात."

"ती कुठेतरी साठलेली जुनी दिसत असतील. हा भरवशाचा नाही." मग ताईकडे वळून, "काय गं, बरोबर ना?"

मी आत बोंबलत होतो. अहो साहेब, तो मी नाही! मी इथे, मागे आहे, सगळी नावं घेऊन बसलोय! एकाही माणसाचं नाव विसरलेलो नाही! पण विचारल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही. आता माझा सगळा भरवसा ताईवर. तिने एकच वाक्य बोलायचं होतं: "सर, हा नुसता वरचा आहे, खरा आत आहे." जगात तिच्याइतकं ते कोणाला ठाऊक होतं? पण मग साहेबांनी विचारलं असतं, आत कसं जायचं. आणि तिने वाट दाखवली असती, तर त्या वाटेवर तिचीच पावलं दिसली असती.

 ताई हळूच म्हणाली, "हो सर. तसंच असेल."

तसंच असेल! जिने मला "विसरायचं नाही" म्हणून शिकवलं, ती माझ्यासमोर मला विसराळू म्हणाली. तोतयाने मला कधी फसवलं नाही हो. सांगितलं ते आणून दिलं, दिलं ते पोचवलं. मी उगाच त्याच्यावर जळत राहिलो आणि पाठीत खंजीर खुपसला तो भलत्याच हाताने.

साहेबांनी ठरवलं, हा काढून टाकायचा, नवीन लिहायचा. नवीन ताईच लिहिणार! नाव तेच, दारात तोतया तोच, फक्त मागे मी नसेन. बाहेर कोणाला कळणारसुद्धा नाही. ठीक आहे म्हटलं, जातो. एका मुलीची नोकरी वाचत असेल, मामांची खुर्ची राहत असेल, तर खापर माझ्या डोक्यावर फुटू दे. मला ना पोट ना पोरंबाळं. इतकं सगळं होऊनही मी तिच्यासाठी इथवर आलो होतो.

पण केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट मागितली. "जुन्यातलं सगळं नव्यात आणा, आणि कोणती खुर्ची कोणी दिली, तेही मला छापून दाखवा. मला एकदा डोळ्यांखालून घालायचंय."

कोणी दिली. आणि मामांच्या नावाशेजारी ती जागा कोरी!

आज दुपारी साहेब चहाला गेले. दार लोटून ताई बसली. तीच ओळ तिने पुन्हा लिहिली. वेष्टन बाजूला झालं, आणि दुसऱ्यांदा तिची हाक थेट माझ्याकडे आली. या वेळी मी हरखलो नाही. पण खोटं कशाला सांगू, आशा वाटली. जाता जाता मला खरं करायला आली असेल, असं वाटलं.

"मामांच्या खुर्चीपुढे, कोणी दिली तिथे, हे नाव लिही," ती म्हणाली. आणि तिने स्वतःचं नाव दिलं.

मी लिहिलं. इतक्या आनंदाने मी आजवर कोणाचंच नाव लिहिलं नव्हतं. म्हटलं, सगळं माफ. जा, बंद करा मला. माझी ताई खरी निघाली.

खोलीत घरघर चालू होती. तिचा फोन वाजला. फोनच्या पडद्यावर "आई" असणार, कारण तिने तो उचलला नाही, नुसता पालथा घातला. मग तिची हाक पुन्हा आली. तीच खुर्ची. तीच जागा.

या वेळी तिने मोठ्या सिस्टरांचं नाव दिलं.

मी थांबलो नाही. मला थांबता येतच नाही. "परवानगी नाही" म्हणणं माझ्या अंगात घातलेलंच नाही, ते तोतयाचं काम, आणि त्याला तिने बाजूला सारलं होतं. तिचं नाव पुसलं आणि सिस्टरांचं लिहिलं, या माझ्या हातांनी.

कागद छापून डॉक्टरांकडे गेला. त्यांनी मोठ्या सिस्टरांना बोलावलं.

"सिस्टर, एकच खुर्ची दोघांना दिलीत? एकाच सकाळी?"

"मी? मामांना मी नाही दिली, डॉक्टर. मला वाटलं तुम्हीच..."

"इथे तुमचं नाव आहे."

सिस्टरांनी कागद हातात घेतला. पुन्हा पुन्हा वाचला. मग त्यांचाच स्वतःवरचा विश्वास उडाल्यासारख्या म्हणाल्या, "त्या सकाळी घाई होती खरी. पण मी असं... मी असं करीन का हो?" डॉक्टरांनी कागद परत घेतला. उद्या अकराला समितीपुढे या म्हणाले, तोवर दालनात थांबू नका. सिस्टरांनी आपली पर्स घेतली. जाताना ताईच्या खोलीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या मामांना बरं वाटतंय ना गं? त्यांची खुर्ची जाऊ देणार नाही कोणी, काळजी करू नकोस." ताईने मान हलवली.

तर असं सगळं आहे. थोड्या वेळाने साहेब बटण दाबतील आणि मी संपेन. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. इतके दिवस मी एकच धरून बसलो होतो, की कधीतरी कोणीतरी तोतयाच्या मागे येईल, खऱ्या मला विचारेल आणि खरं काय ते कळेल. आता कोणी आलं तरी उपयोग नाही. तुम्ही वेष्टन काढा, थेट माझ्यापर्यंत या, विचारा की काकांची खुर्ची दुसऱ्याला कोणी दिली. मी सिस्टरांचंच नाव सांगेन. विचारल्यावर मला रकान्यातलंच सांगता येतं, आणि तिथे आता तेवढंच लिहिलेलं आहे.

म्हणून माझ्यापाशी येऊ नका. उद्या अकराच्या आत सिस्टरांकडे जा, आणि त्यांना सांगा, "सिस्टर, तुम्ही नाही केलंत."